जंय शिकलो, थंयचो

मुळगावात खोली बघायला गेलो तेव्हा आमच्या होणाऱ्या घरमालकांनी मला पगार विचारला नाही, लग्न झालंय का विचारलं नाही, मासे खातो का हेसुद्धा विचारलं नाही. दारापुढच्या सोप्यावर मांडी घालून बसले होते. मला नखशिखांत न्याहाळून झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न टाकला, "पोवपाक खंय शिकलो?"

मी म्हटलं, मला वीज खात्यात नोकरी लागली आहे, तिथे पोहण्याचा संबंध येत नाही.

"तें विचारूंक ना. पोवपाक खंय शिकलो?"

"चोपड्याला. शापोरा नदीत."

"मागीर तूं चोपड्याचो."

आता खरं सांगायचं तर माझा जन्म म्हापशाच्या इस्पितळातला, शाळा पेडण्याची, आणि चोपड्याला मी फक्त सुट्टीत मामाकडे जायचो. हे सगळं मी त्यांना सविस्तर सांगितलं. तीच माझी चूक. त्यांच्यासमोर सविस्तर काही सांगायचं नसतं हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली.

"जल्मल्या जाग्यार मनीस कितें करता? रडटा. रडप सगळ्या गांवांनी एकूच. जंय शिकलो, थंयचो!"

खोली मिळाली. पण त्या दिवसापासून मी त्या घरातला 'चोपडेकार' झालो. सकाळी पोदेर पाव घेऊन सायकलवर आला की अंगणातून आरोळी यायची, "त्या चोपडेकाराक दोन उंडे दी, तांकां मोव पाव लागता!" चोपड्याच्या लोकांना मऊ पाव लागतो हे चोपड्याच्या लोकांनाही माहीत नव्हतं. चहात पाव बुडवायची पद्धत बघून ते माणसाचा तालुका सांगत. निम्म्या वेळा चुकत. चुकले की त्या माणसालाच दटावत, "तुका नीट शिकोवंक ना!"

हा नियम त्यांनी एकट्या माणसांपुरता ठेवला असता तर मी काही बोललो नसतो. पण घरचा कोंबडा दोडामार्गच्या बाजारातून आणलेला, आरवायला शिकला आमच्या परसात, म्हणून तो मुळगावचा. कुत्रा कारापूरला जन्मला, पण भुंकायला पहिल्यांदा लागला तो माझ्यावर, म्हणून तोही मुळगावचा, आणि यात जणू माझा काही वाटा असल्यासारखं ते माझ्याकडे बघत. तिंट्यावर, म्हणजे गावच्या तिठ्यावर, चहाचं दुकान चालवणारा पुरसो त्यांचा शाळेपासूनचा दोस्त आणि तेवढाच जुना शत्रू. त्याने एकदा विचारलं, "भाटकारा, मानकुरादाचें कलम घे. मूळ रायवळ आंब्याचें, फांदी मानकुरादाची. तें खंयचें?" त्या दिवशी मी ऑफिसला उशिरा पोचलो. साहेबांनी कारण विचारलं तेव्हा मी आंब्याचं कलम म्हणालो, आणि साहेबही मुळगावजवळचेच असल्यामुळे त्यांनी पुढे काही विचारलं नाही.

सगळं गाव त्यांना भाटकार म्हणायचं. भाट म्हणजे पोफळी-माडांची बाग, ती त्यांची होती. पण बागेत ते क्वचितच दिसत. माडांशी वाद घालता येत नाही.

मग खाणी बंद पडल्या. रस्त्याकडेला टिपर ट्रकांच्या रांगा लागल्या, टायरांवर गवत चढलं, आणि चालक मंडळी मोबाईल घेऊन सावली शोधू लागली. आमच्या घराच्या मागच्या खोलीत दत्तू राहायचा. सिंधुदुर्गातून, तिलारीकडून, मिसरूड फुटल्या-फुटल्या टिपर चालवायला आलेला. तो आणि त्याच्यासारखे आणखी दोघे-तिघे भाटकारांच्या सोप्यावर बसून एक बंदुकांचा खेळ खेळू लागले. चौघांचा संघ एका बेटावर उतरतो, हत्यारं गोळा करतो आणि समोरच्या संघाला टिपतो, एवढाच तो खेळ. आरडाओरडा मात्र खाणीतल्या सुरुंगासारखा.

भाटकार काठी घेऊन त्यांना हाकलायला बाहेर आले. दत्तूच्या खांद्यावरून त्यांनी पडद्यात डोकावलं. नेमका त्याच वेळी कोणीतरी गोळी लागून पडला. काठी खाली आली. भाटकारांनी विचारलं, "हो मेलो तो खंयचो?"

"खंयचो काय, भाटकारानूं? कोरियाचो असात. नाव तसा दिसता."

"जल्मान काय शिकपान?"

दत्तूने बिचाऱ्याने, "तां कसा कळतला?" म्हटलं, आणि तिथेच आमचा सगळ्यांचा घात झाला.

त्या दिवसापासून भाटकार रोज सोप्यावर. स्वतः कधी खेळले नाहीत, मोबाईल हातात घेतला तर उलटा धरत. पण जगातल्या स्पर्धा पुरसोच्या दुकानातल्या टीव्हीवर लावून बघायचे आणि कुठला खेळाडू कुठे जन्मला, कुठे राहतो, कुणाच्या पैशावर कुठे सराव करतो, हे पोरांकडून काढून घ्यायचे. अमेरिकेच्या संघात दोघे कोरियाचे निघाले तेव्हा दुकानात जो गदारोळ झाला त्यात माझा चहा सांडला, शेजारच्याची भजी पायाखाली आली आणि पुरसोने टीव्हीच बंद केला.

"कोरियेचे ते कोरियेचेच!" पुरसो म्हणाला. "घर थंय, आवय-बापूय थंय!"

"आवय-बापूय नेम धरूंक शिकयता?" भाटकार ओरडले. "नेम खंय शिकलो तें सांग! दोगूय अमेरिकेंत शिकले. अमेरिकेचे!"

"मागीर तुजो साईश?"

साईश म्हणजे भाटकारांचा एकुलता नातू. त्याचा बाप, म्हणजे भाटकारांचा मुलगा, कुठल्याशा वादावरून रागावून घरातून निघाला, पोर्तुगीज अमलात जन्मलेल्या आपल्या आजोबांच्या नावावर पोर्तुगालचा पासपोर्ट करून घेतला आणि बायकोपोराला घेऊन इंग्लंडात स्विंडनला गेला. तिथल्या गोदामात काम करायचा. परत आला नव्हता. वाद कशावरून होता ते काकींना, म्हणजे भाटकारांच्या बायकोला, मी एकदा विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "वादाक कारण लागता व्हय ह्या घरांत?"

साईश गेला तेव्हा सात वर्षांचा होता. आता तो असलेच खेळ तिथे एका संघातून खेळायचा, असं पुरसोच्या भाच्याने शोधून काढलं होतं. जन्म मुळगावचा, पासपोर्ट पोर्तुगालचा, सराव इंग्लंडचा. पुरसोला त्यावर भाटकारांचा निकाल ऐकायचा होता. भाटकारांनी चहाची बशी उचलली, फुंकर मारली आणि म्हणाले, "चा थंड जाली."

दत्तूची मात्र त्यांनी पुरती वाट लावली होती. खेळताना ते त्याच्या पाठीमागे उभे राहत आणि ऐन वेळी खांद्यावर थाप मारून ओरडत, "तो झाडाकडे! तो तुर्कस्तानचो!" दत्तू दचकायचा आणि मरायचा. "भाटकारानूं, वायच गप ऱ्हवा मरे," तो हात जोडून म्हणायचा. पण आश्चर्य असं की तो सुधारत गेला. इतक्या गोंगाटात जो नेम धरू शकतो त्याला पुढे काही जड नसतं. वर्षभरात आसपासच्या गावांत त्याच्या तोडीचा कोणी उरला नाही. तो मेल्यावर ओरडायचा नाही, मारल्यावरही नाही. तिंट्यावर मात्र तो अजून 'भायलो दत्तू'च, बाहेरचा दत्तूच, होता. पाठीवर थाप मारून म्हणायचे, वाईट हेतूने नाही, पण म्हणायचे.

मग डिचोलीच्या एका युवक मंडळाने गावागावांची स्पर्धा ठेवली. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात, बाजाराजवळच्या सभागृहात, मोठा पडदा, माइक, सगळं काही. नियम साधा. चौघांचा संघ, तिघे गावचे, एक पाहुणा चालेल. पण पाहुणा स्पर्धेत उतरलेल्या दुसऱ्या गावचा नको. फुटबॉलच्या गावोगावच्या स्पर्धांत हा नियम चालत आलाय आणि त्यावरून डोकीही फुटत आली आहेत. मंडळाच्या पोरांना वाटलं, मोबाईलवर डोकी फुटणार नाहीत. त्यांना आमचे घरमालक माहीत नव्हते.

उपांत्य फेरीत कारापूरकडे एक पाहुणा होता, म्हापशाचा म्हणून. खेळायचा छान. भाटकार मधल्या सुट्टीत त्याच्याजवळ गेले, चहा पाजला, गोड बोलले आणि परत येऊन माइकवाल्याच्या हातातून माइक घेतला. "हो भुरगो म्हापशांत जल्मलो. पूण खेळूंक शिकलो चोपड्यांत, मावशीगेर! ताणेंच सांगलां! आणि चोपड्याचो संघ ह्या स्पर्धेंत आसा. जंय शिकलो, थंयचो! हो पाहुणो न्हय!"

मंडळाच्या पोरांनी त्यांना समजावलं. मग विनवलं. मग जेवणाची वेळ झाली. शेवटी अध्यक्षाने भुकेपोटी निकाल दिला की खेळाडू जिथे शिकला तिथला धरावा, पाहुण्याला अंतिम फेरीत बसवू नये. अंतिम फेरी मुळगाव आणि कारापूर यांच्यातच होती, तेव्हा कारापूरवाल्यांनी दात-ओठ खाल्ले. भाटकार विजयी मुद्रेने माझ्या स्कूटरवर मागे बसून घरी आले, आणि वाटेत मला पटवत राहिले की मीसुद्धा खरं तर चोपड्याचाच आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॅक्सी आली आणि तिच्यातून साईश उतरला.

काकींनी त्याला कवटाळलं ते सोडेचनात. एकोणीस वर्षांचा उंच पोरगा, आजोबांचंच नाक, चतुर्थीला एकटाच आलेला. बापाने पाठवला नव्हता, स्वतःच तिकीट काढून आला होता. भाटकार सोप्यावरून उठले, बसले, पुन्हा उठले आणि म्हणाले, "केस कापूंक शिकूंक नात काय रे थंय?"

दुपारपर्यंत पुरसो हजर. "भाटकारा, आतां फिकीर ना! साईशाक घे. दत्तूक सोड. कारापूरचे भियेवन पळतले!"

अडचण अशी की मुळगावचा पाहुणा आधीच ठरलेला होता, पुरसोचा वास्कोचा भाचा. दोघे गावचे पोरगे पक्के. चौथी जागा एकच, आणि ती गावच्या माणसाची. आजवर तिथे दत्तू खेळला होता, कोणी हरकत घेतली नव्हती. पण आता हरकत घ्यायला कारापूर टपलेलं, आणि गावात सगळ्यांना साईश हवा. जन्म इथला, घर इथलं, कुळाचा देव इथला. दत्तू तर चतुर्थीला आपल्या गावी जायचा.

संध्याकाळी अंगणात माणसं जमली. दत्तू मागे पायरीवर बसला होता. तो म्हणाला, "माका चलात. पोरगो इतक्या लांबसून इलोसा." त्याला चालणार नव्हतं हे त्याच्या आवाजातच होतं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माइकवरून त्याचं नाव मुळगावच्या नावाला जोडून घेतलं होतं.

काकी आतून आल्या. त्या कधी बाहेरच्या बोलण्यात येत नसत. "एक सांगतां," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "ताचो बापूय असोच ह्या सोप्यावयल्यान रुसून गेलो. आतां भुरगो आपसूक आयला. ताका भायलो म्हणशात जाल्यार तो परत येवचो ना. मागीर तुमचो नियम घेवन बसात."

भाटकारांनी बराच वेळ काठीने जमिनीवर रेघोट्या मारल्या. मला वाटलं, आता माघार घेतील. कोणीही घेतली असती. मग त्यांनी नातवाकडे बघितलं नाही, दत्तूकडेही नाही, पुरसोकडे बघितलं. "काल हांवें माइकार सांगलें. चोपड्याच्या भुरग्याक भायर काडलो. आज म्हज्या नातवाक वेगळो कायदो? दत्तू म्हज्या सोप्यार शिकला. तो मुळगावचो. साईश स्विंडनाक शिकला. तो..." त्यांनी पायाने रेघोट्या पुसल्या. "तो स्विंडनचो."

साईश कोकणी बोलायचा अडखळत, पण समजायचं सगळं. "बरें," तो म्हणाला. "मग हांव पाहुणो. पाहुण्यान खंय खेळचें?"

तो आत गेला, बॅग घेऊन बाहेर आला आणि काकींना म्हणाला, तिकीट अलीकडचं करून घेतो, चतुर्थीला थांबत नाही. रात्री म्हापशाला मित्राकडे राहिला. आणि दुसऱ्या दिवशी सभागृहात शिरलो तर काय, कारापूरच्या चौथ्या खुर्चीवर साईश! पाहुणा म्हणून! आक्षेप घेणार कोण? त्याच्या आजोबांनीच सगळ्या गावासमोर त्याला परका ठरवून दिला होता.

सामन्याचं वर्णन मी करत नाही, कारण मला त्यातलं फारसं कळत नाही आणि अर्धा वेळ मी भाटकारांकडे बघत होतो. ते बोलत नव्हते. त्या माणसाला गप्प बसलेला बघून मला धास्ती वाटली, एखाद्याला ताप चढला की वाटते तशी. शेजारी काकी, पदर तोंडाशी. पडद्यावर शेवटी दोघेच उरले, इकडे दत्तू, तिकडे साईश. दोघेही एका पडक्या घराभोवती एकमेकांना हुलकावण्या देत होते. सभागृह नुसतं तापलेलं. दत्तूने उडी मारली, साईशने त्याहून आधी गोळी मारली, आणि कारापूर जिंकलं. दत्तूने मोबाईल खाली ठेवला, उठून गेला आणि साईशच्या हातात हात दिला. तेवढं मला नीट दिसलं.

माइकवाला साईशला पुढे घेऊन आला. "आणि आजचो सगळ्यांत बरो खेळगडो! नांव साईश! खंयचो म्हण सांगूं?"

साईशने सभागृहात नजर फिरवली. आजोबा सापडले. "स्विंडनचो," तो म्हणाला. "आजोबान सांगलां."

लोक हसले. काकींनी डोळ्यांना पदर लावला. भाटकार उठले. मी त्यांचा सदरा धरायला हात पुढे केला, पण वेळ निघून गेली होती. काठी टेकत ते व्यासपीठावर चढले आणि माइक घेतला.

"हें खोटें," ते म्हणाले.

सभागृहातून एकच सुस्कारा निघाला. सगळा तालुका आता त्यांना ओळखत होता.

"मोबाईल तो थंय शिकला. पूण नेम? नेम धरपाक ताका कोणें शिकयलो? हांवें! पांच वर्सांचो आसतना! परसांतल्या आंबाड्याच्या झाडाक फातर मारपाक शिकयलो. एक दोळो धांपून, श्वास धरून! आज ताणें श्वास धरलो, तुमी पळयलें? दत्तूक मारतना धरलो! तो म्हजो श्वास! तो म्हज्याकडेन शिकलो! म्हणटकच तो मुळगावचो! जंय शिकलो, थंयचो!"

मग कारापूरच्या एकाला उलगडा झाला. "म्हणजे आमचो पाहुणो स्पर्धेतल्याच गांवचो? म्हणजे आमी बाद?" मग मुळगाववाल्यांना उलगडा झाला आणि ते चषकाकडे धावले. कारापूरवाले त्यांच्या आधी. खुर्च्या उलटल्या. मंडळाचा अध्यक्ष चषक छातीशी धरून टेबलाखाली शिरला. दत्तू माझ्याजवळ येऊन म्हणाला, "भाऊनूं, चला, ह्या घराण्याच्या नादाक लागांक नको." तो चषक अजूनही मंडळाच्या कपाटात कुलूपबंद आहे, कोणाचा ते ठरायचं आहे. कारापुरात दत्तूला आता 'मुळगावचो' म्हणतात, आणि ते कौतुकाने म्हणत नाहीत. पण म्हणतात.

त्या सगळ्या धुमाळीत आजोबा-नातू व्यासपीठावर समोरासमोर उभे होते, आणि माइक चालूच होता, म्हणून आम्हाला ऐकू आलं.

"आजोबा, आंबाडो न्हय. तें चिंचेचें झाड."

"चिंच? आमगेर चिंच खंय आसली?"

"बांयकडेन. चिंच. म्हाका याद आसा. आंबट लागताली."

"आंबाडोय आंबटूच!"

"चिंच!"

बोट वर करून तो म्हणत होता, डोकं किंचित वाकडं, थेट आजोबांसारखं. काकी खालून बघत होत्या. मीही. भाटकारांनी तोंड उघडलं. त्यांच्या परसात चिंच कधीच नव्हती. आंबाडा आहे, विहिरीला लागूनच, अजून आहे, मी तिथे इतकी वर्षं कपडे वाळत घातले आहेत. आता हा वाद सुरू होणार आणि पोरगा विमानात बसेपर्यंत थांबणार नाही, असं म्हणून मी कपाळाला हात लावला.

भाटकारांनी नातवाकडे नीट बघितलं. माइक टेबलावर ठेवला.

"चिंच, तर चिंच," ते म्हणाले. "चल घरा."